विश्लेषण : हरणे वाचवण्यासाठी माद्यांची शिकार? आल्डो लिओपोल्ड यांनी शिकाऱ्यांचा रोष का पत्करला?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे १ लाख २८ हजार हरणांची शिकार झाली. त्यात माद्या आणि त्या वर्षीची पाडसे मोठ्या संख्येने होती. या शिकारीला परवानगी देण्याचा आग्रह धरणारा माणूस हरणांचा वैरी नव्हता. तो स्वतः शिकारी होता, वनाधिकारी होता आणि वन्यजीव व्यवस्थापन हा विषय विद्यापीठात शिकवणारा देशातील पहिला प्राध्यापक होता. आल्डो लिओपोल्ड यांचे नाव आज पर्यावरणाच्या अभ्यासक्रमात आदराने घेतले जाते. मात्र हयातीतील शेवटची पाच-सहा वर्षे त्यांच्याच राज्यातील अनेक शिकारी त्यांच्यावर संतापलेले होते. या वादाच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती : हरीण नोव्हेंबरात कुठे असते आणि फेब्रुवारीत कुठे असते.

लिओपोल्ड कोण होते?

जन्म ११ जानेवारी १८८७, आयोवा राज्यातील बर्लिंग्टन. मिसिसिपी नदीच्या काठावरच्या उंच कड्यावर घर, घरात जर्मन बोलली जाई. वडील कार्ल यांचा लाकडी मेजे बनवण्याचा कारखाना होता आणि शिकारीचे वेड होते. वसंतात उत्तरेकडे परतणारी बदके अंडी घालायला निघालेली असतात, हे लक्षात आल्यावर वडिलांनी कायदा होण्याच्या आधीच वसंतातील शिकार स्वतःहून सोडली. कोणत्या ऋतूत बंदूक उचलायची आणि कोणत्या ऋतूत ती भिंतीवरच ठेवायची, हा पहिला धडा मुलाला घरात मिळाला.

येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेऊन १९०९ मध्ये ते अमेरिकी वन खात्यात रुजू झाले. पहिली नेमणूक ॲरिझोनाच्या डोंगराळ भागात. तिथेच त्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कड्यावरून एका लांडगीवर गोळ्या झाडल्या. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगे वाटले नाही. लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त आणि लांडगे शून्य म्हणजे शिकाऱ्यांचा स्वर्ग, असा तेव्हाचा सरळ हिशोब होता. पुढची काही वर्षे न्यू मेक्सिकोत शिकारी संघटना उभारताना लिओपोल्ड यांनी हाच हिशोब जोरात मांडला. लांडगे आणि पहाडी सिंह शेवटच्या जनावरापर्यंत संपवले पाहिजेत, असे ते लिहीत आणि सांगत.

दरम्यान १९१२ मध्ये एस्टेला बर्गेरे यांच्याशी विवाह झाला. पुढच्याच वर्षी दूरच्या फिरतीवर असताना पाऊस आणि हिमवर्षावात भिजून त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला. ते थोडक्यात बचावले. वर्षाहून अधिक काळ सक्तीची विश्रांती घ्यावी लागली आणि त्यानंतर त्यांचे लक्ष लाकडाकडून वन्यप्राण्यांकडे वळले. त्यांच्याच पाठपुराव्यामुळे १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील गिला खोऱ्याचा मोठा प्रदेश रस्ते आणि बांधकामापासून मुक्त ‘विल्डरनेस’ म्हणून राखला गेला. त्याच वर्षी बदली होऊन ते विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरात आले ते कायमचेच. १९२८ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १९३३ मध्ये ‘गेम मॅनेजमेंट’ हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी नवे प्राध्यापकपद निर्माण केले.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे वर्ष कसे असते?

१९४३ चा वाद समजण्यासाठी आधी हे प्राणी वर्षभर काय करतात ते पाहावे लागेल. विस्कॉन्सिनमधील हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. धोका दिसताच शेपटी उभी करून आतली पांढरी बाजू दाखवत पळते, म्हणून हे नाव.

नराची शिंगे दरवर्षी नव्याने उगवतात. एप्रिलच्या सुमारास वाढ सुरू होते. उन्हाळाभर शिंगांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली त्वचा असते. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये ती वाळते आणि नर झाडांवर शिंगे घासून ती सोलून काढतो. त्याच सुमारास उन्हाळ्याची पातळ तांबूस लव झडते आणि पोकळ केसांची दाट करडी लव येते, जी अंगातील ऊब धरून ठेवते. ओकची फळे पडू लागली की हरणे त्यांवर तुटून पडतात. हिवाळ्यासाठी चरबी साठवण्याचा हा काळ.

नोव्हेंबरात माज येतो. थंडी पडली म्हणून माज आला, असे अनेक शिकारी समजत आणि आजही समजतात. खरे कारण दिवस लहान होत जाणे हे आहे. दिवसाचा उजेड कमी झाला की शरीरातील संप्रेरके बदलतात, त्यामुळे माजाचा मुख्य काळ दरवर्षी साधारण नोव्हेंबरच्या मध्यालाच येतो. थंडी असेल तर हालचाल दिवसाउजेडी जास्त दिसते, इतकेच. एरवी पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडणारा, वाऱ्याचा वास घेत पाऊल टाकणारा सावध नर या दिवसांत माद्यांच्या मागे भरदुपारी उघड्यावर येतो. खाणे जवळपास सोडतो. वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गमावतो. विस्कॉन्सिनचा बंदुकीचा हंगाम याच काळाला लागून येतो, त्यामुळे शिकाऱ्याला हरणे भरपूर दिसतात आणि माद्या तर वर्षातील सर्वांत धष्टपुष्ट स्थितीत दिसतात.

गर्भकाळ साडेसहा ते सात महिन्यांचा. म्हणजे पाडसे मेअखेर ते जूनमध्ये, कोवळा पाला भरपूर असताना जन्मतात. चांगले खायला मिळालेली मादी बहुधा जुळ्यांना जन्म देते. उपाशी राहिलेल्या मादीला एकच पाडस होते, किंवा झालेले जगत नाही.

(आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा : हे घड्याळ थंड प्रदेशातले आहे. ताडोबात चितळाचे नर वर्षातील कोणत्याही महिन्यात मखमली शिंगांचे दिसू शकतात. काळवीट आणि नीलगाय तर हरीण कुळातलेच नाहीत, त्यांची शिंगे गळतच नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हरणांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे येथील हंगाम आणि परवान्यांची चर्चा अमेरिकेपुरतीच समजावी.)

हिवाळ्यात हरणे कुठे जातात?

शिकाऱ्याला हा भाग सहसा दिसत नाही. डिसेंबरअखेर बर्फ साचू लागला की उत्तर विस्कॉन्सिनमधील हरणे उघडी कुरणे आणि पानगळीचे जंगल सोडतात. ती पाणथळ जागांतील दाट सूचिपर्णी झाडीत, विशेषतः पांढऱ्या सीडरच्या आणि हेमलॉकच्या छायेत एकत्र येतात. शिकारी अशा जागेला ‘डिअर यार्ड’ म्हणतात. झाडांचा दाट माथा बर्फ अडवतो आणि वाराही तोडतो. अनेक हरणे एकाच वाटेने ये-जा करत असल्याने बर्फात तुडवलेल्या पायवाटांचे जाळे तयार होते, आणि लांडगा मागे लागला तर पळायला तीच वाट कामी येते. पिढ्यान्‌पिढ्या हरणे त्याच यार्डात परततात.

यार्डात हरीण कमी हलते, कमी खाते. शरद ऋतूतील चरबी पुरवून वापरते. तरीही रोज काहीतरी पोटात जावे लागतेच. सीडरची पाने हे त्याचे हिवाळ्यातील उत्तम अन्न. पण सीडर हळू वाढणारे झाड आहे आणि यार्ड लहान असते. उन्हाळ्यात शेकडो चौरस मैलांवर विखुरलेली हरणे हिवाळ्यात त्या क्षेत्राच्या लहानशा तुकड्यावर गोळा होतात. मग मागचे पाय उभे करून मोठे हरीण जिथवर पोहोचते, तिथपर्यंतचा पाला सगळीकडे सारख्या उंचीवर संपतो. जंगलाला जणू कात्रीने कापलेली आडवी रेघ दिसते. त्या रेघेच्या वर पाला आहे, खाली काही नाही. मोठ्या नराला उरलेसुरले मिळते. सात-आठ महिन्यांच्या पाडसाचे तोंड तिथवर पोहोचत नाही, त्यामुळे पहिला बळी पाडसाचा जातो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मेलेल्या पाडसाच्या मांडीचे हाड फोडले तर कारण कळते. निरोगी हरणाची मज्जा पांढरट आणि घट्ट असते, उपासमारीने मेलेल्याची तांबडी आणि चिकट. मायेपोटी लोक अशा वेळी गवताचे भारे नेऊन टाकतात. त्याचा उपयोग होतोच असे नाही. हरणाच्या जठरातील सूक्ष्मजीव त्या ऋतूतील डहाळ्या पचवण्यासाठी तयार झालेले असतात. अचानक वेगळा चारा आला तर तो पचत नाही, आणि पोट भरलेले असूनही हरीण मरते.

लिओपोल्ड यांचे मत कसे बदलले?

एका झटक्यात नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. लांडगीच्या डोळ्यांत काहीतरी पाहिले आणि माणूस बदलला, अशी गोष्ट समाजमाध्यमांवर फिरते. प्रत्यक्षात त्या गोळीबारानंतर वीस वर्षे ते शिकारी प्राण्यांच्या विरोधातच किंवा फार तर साशंक होते. बदल घडला तो तीन ठिकाणी पाहिलेल्या जमिनींमुळे.

पहिली जमीन ॲरिझोनातील कैबाब पठाराची. १९०६ मध्ये तिथे संरक्षित क्षेत्र झाले. हरणांची शिकार बंद झाली आणि सरकारी शिकाऱ्यांनी पहाडी सिंह, लांडगे, कोयोटे मारले. तिथली म्यूल जातीची हरणे उन्हाळ्यात पठारावर चरतात आणि बर्फ पडला की खालच्या उतारांवर येतात. संख्या वाढत गेली, खालचे हिवाळी चराऊ क्षेत्र मात्र तेवढेच राहिले. १९२० च्या दशकाच्या मध्यास हजारो हरणे उपासमारीने मेली. किती मेली याच्या तेव्हाच्या आकड्यांवर पुढे शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आणि त्या रास्त होत्या. चराऊ जमीन उजाड झाली होती, यावर मात्र वाद नव्हता.

दुसरी जमीन जर्मनीतील. १९३५ मध्ये तीन महिने ते तेथील जंगले पाहत फिरले. एका ओळीत लावलेली स्प्रूसची झाडे, खाली झुडपांचा पत्ता नाही, हरणांना हिवाळ्यात चारा घालण्याची व्यवस्था आणि रोपे वाचवायला कुंपणे. हरणे होती, लाकूड होते, पण जंगल म्हणून जे ओळखावे ते त्यांना तिथे सापडले नाही.

तिसरी जमीन उत्तर मेक्सिकोतील रिओ गॅव्हिलान नदीकाठची. १९३६ आणि १९३७ मध्ये ते तिथे शिकारीला गेले. लांडगे होते, पहाडी सिंह होते आणि हरणेही भरपूर होती. झाडोरा शाबूत होता. सीमेच्या अलीकडे, अमेरिकेत, याच प्रकारचे डोंगर झिजलेले होते. शाबूत जमीन कशी दिसते हे आपण इथे पाहिले, असे त्यांचे मत झाले.

माद्या न मारण्याचा नियम कुठून आला?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमध्ये हरणेच उरली नव्हती, अशी स्थिती होती. बाजारासाठी बेसुमार शिकार झाली होती. म्हणून १९१५ मध्ये फक्त शिंगवाला नर मारण्याचा नियम आला. नियम तेव्हासाठी योग्य होता. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर मारले तरी जन्म घटत नाहीत. एका पिढीने मुलांना शिकवले की मादीवर गोळी झाडणे हे हलक्या माणसाचे काम. हा केवळ कायदा राहिला नाही, तो शिकाऱ्यांचा धर्म झाला.

मधल्या काळात जंगल बदलले. जुने पाइनचे अरण्य तोडले गेले, जळाले आणि त्या जागी ॲस्पेनसारखी कोवळी झाडी उगवली. हरणाला हवे तसे अन्न तोंडाच्या उंचीवर आले. लांडगे जवळपास संपले. माद्या कुणी मारत नव्हते. हरणे वाढत गेली आणि १९३० च्या दशकात यार्डांमध्ये उपासमारीच्या खुणा दिसू लागल्या.

१९४२-४३ च्या हिवाळ्यात काय घडले?

राज्याच्या वन्यजीव खात्याने नागरिकांची हरीण समिती नेमली आणि अध्यक्षपद लिओपोल्ड यांच्याकडे दिले. समितीत खात्यावर विश्वास नसलेले लोकही होते. लिओपोल्ड यांनी त्यांच्याशी सभागृहात वाद घालण्यापेक्षा त्यांना उत्तरेतील यार्डांमध्ये नेले. बर्फातून चालत जाऊन सदस्यांनी ती आडवी रेघ पाहिली, मेलेली पाडसे पाहिली, एरवी हरणे ज्याला फारसे तोंड लावत नाहीत असे बाल्सम फर झाडही ओरबाडलेले पाहिले. साशंक सदस्यांपैकी काहींचे मत तिथेच फिरले.

समितीचा निष्कर्ष स्पष्ट होता. कळप कमी करावा लागेल, आणि तो माद्या व लहान हरणे मारल्याशिवाय कमी होणार नाही. आत्ता बंदुकीने कमी केला नाही तर भूक तो करेल. भूक मात्र जाताना सीडरची रोपेही घेऊन जाईल, म्हणजे पुढची अनेक दशके ते यार्ड आजच्या इतकी हरणेही पोसू शकणार नाही. १९४३ मध्ये लिओपोल्ड यांची राज्याच्या वन्यजीव संवर्धन आयोगावर नियुक्ती झाली आणि त्या शरद ऋतूत आयोगाने दोन भागांचा हंगाम जाहीर केला. आधी चार दिवस फाटेदार शिंगांच्या नरांसाठी, मध्ये खंड, आणि मग चार दिवस बिनशिंगी हरणांसाठी.

विरोध का झाला?

कारण शिकाऱ्याने जंगल पाहिले होते ते नोव्हेंबरात. तेव्हा हरणे गुबगुबीत होती, पाला गळला तरी फळे होती, बर्फ विरळ होता. फेब्रुवारीतले यार्ड पाहायला गुडघाभर बर्फातून कोण जाणार? त्यात लाखावर हरणे पडल्याची बातमी आली. प्रत्येक गावात कुणीतरी रक्ताळलेल्या माद्यांचे ढीग पाहिले होते. विरोधक त्या हंगामाचा उल्लेख १९४३ चा गुन्हा म्हणूनच करू लागले. या विरोधासाठी एक स्वतंत्र वृत्तपत्रही निघाले आणि त्यात लिओपोल्ड यांच्यावर नाव घेऊन टीका होऊ लागली. पुस्तकी प्राध्यापकाने हरणे संपवली, असा सूर होता.

या संतापाला थोडा आधारही होता, असे आज वाटते. समस्या उत्तरेतील काही यार्डांची होती. सरसकट राज्यभर खुला केलेला हंगाम जिथे हरणे जास्त नव्हती तिथेही लागू झाला, आणि रस्त्याजवळच्या सोप्या जागी शिकार जास्त, तर गर्दीच्या दुर्गम यार्डांजवळ कमी झाली. जागेनुसार परवाने देण्याची यंत्रणा तेव्हा खात्याकडे नव्हती. पण दबावाखाली आयोगाने जे केले ते याहून वाईट ठरले. १९४४ पासून पुन्हा फक्त नरांची शिकार सुरू झाली. लिओपोल्ड बैठकांमध्ये आकडे मांडत राहिले, देशभरातील अतिसंख्येच्या हरीण क्षेत्रांचा आढावा १९४७ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. निर्णय काही बदलला नाही.

याच दिवसांत, १९४४ मध्ये, त्यांनी ॲरिझोनातील त्या लांडगीबद्दल छोटा निबंध लिहिला. त्यांचे माजी विद्यार्थी आल्बर्ट हॉकबॉम पत्रांतून मागे लागले होते : लांडगे संपवण्यात तुमचाही हात होता, तेही लिहा. लिओपोल्ड यांनी ते लिहिले. हरीण जसे लांडग्याच्या भीतीत जगते, तसाच डोंगर हरणांच्या भीतीत जगत असावा, असा त्या निबंधाचा आशय आहे. हरणांच्या वादात रोज शिव्या खात असताना हा कबुलीजबाब आला आहे हे माहीत असेल, तर तो निबंध वेगळा वाटतो.

ऋतूंची वही

१९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी बाराबू गावाजवळ एक पडीक शेत विकत घेतले. जमीन नापीक झालेली, घर जळालेले. उभे होते ते कोंबड्यांचे खुराडे. तेच साफ करून कुटुंब सुट्टीला तिथे राहू लागले आणि दरवर्षी हजारो रोपे लावू लागले. हरणांनी आणि सशांनी त्यातली बरीच खाल्ली, म्हणजे राज्यभर चाललेला वाद लिओपोल्ड यांच्या स्वतःच्या शेतातही रोज चालू होता. या शेतावर आणि आसपास ते पहिले फूल कधी उमलले, कोणता पक्षी कधी आला, अशा नोंदी ठेवत. १९३५ ते १९४५ या काळातील या नोंदी १९४७ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्यांची कन्या नीना यांनी पुढे त्याच जागी पुन्हा नोंदी घेतल्या आणि तापमानवाढीमुळे वसंत किती लवकर येऊ लागला हे तपासायला दोन्ही वह्या शास्त्रज्ञांना उपयोगी पडल्या.

एप्रिल १९४८ मध्ये त्यांच्या निबंधसंग्रहाला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने होकार दिला. त्यानंतर आठवड्याभरात, २१ एप्रिलला, शेजारच्या शेतात गवताला लागलेली आग विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६१. पुत्र लुना यांनी हस्तलिखिताचे काम पूर्ण केले आणि १९४९ मध्ये ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ प्रसिद्ध झाले.

पुढे काय झाले?

त्याच १९४९ च्या शरद ऋतूत विस्कॉन्सिनने बिनशिंगी हरणांची शिकार पुन्हा खुली केली आणि ती पुढचे दोन हंगामही चालली. नंतरच्या दशकांत राज्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी वेगळ्या संख्येने माद्यांचे परवाने देण्याची पद्धत रुळली. बंदुकीचा मुख्य हंगाम आजही थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. परवाने किती द्यायचे यावरून दरवर्षी भांडणेही होतात. लांडगा मारल्याबद्दल मिळणारे बक्षीस राज्याने १९५७ मध्ये बंद केले, पण तोवर लांडगे उरलेच नव्हते. १९७० च्या दशकाच्या मध्यास शेजारच्या मिनेसोटातून काही लांडगे स्वतःहून सीमा ओलांडून आले. आता त्यांचे कळप उत्तरेत त्याच सीडरच्या दलदलींच्या आसपास वावरतात आणि हिवाळ्यात हरणांच्या तुडवलेल्या वाटांवरून फिरतात.